ना भंगार, ना व्हिंटेज

आमच्या दारात एक गाडी उभी आहे, आणि ती नेमकी कोण आहे हे सरकारी कागदावर कुठंच लिहिलेलं नाही. १९८६ची प्रीमियर पद्मिनी. वय चाळीस. भंगारात जायला ती तयार नाही, कारण ती चालते. व्हिंटेज म्हणवून घ्यायला तिला अजून दहा वर्षं आहेत, कारण २०२१च्या नियमांत व्हिंटेजची अट पन्नास वर्षांची आहे. मधल्या दहा वर्षांत तिनं काय करायचं? या प्रश्नावर आमच्या घरात गेले चार महिने वाद चाललाय. मला वाटतं हा वाद फक्त आमच्या घरातला नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आधी आकडे सांगते, मग आठवणी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे आमच्या गाडीची पाळी २००१, २००६, २०११, २०१६ आणि २०२१ला आली. २०२१ला पपांनी सहाशे रुपये फी भरली. १ एप्रिल २०२२पासून ती पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार झाली. सहाशेचे दहा हजार, तेही पाच वर्षांत. यंदा २०२६, परत आमची पाळी. फीच्या वर फिटनेस आहे, विमा आहे, आरटीओच्या फेऱ्या आहेत. आमचं आरटीओ चिक्कोडीला, केए-२३. उलट गाडी मोडीत काढली तर नव्या गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. म्हणजे सरकार एका हातानं ढकलतंय आणि दुसऱ्या हातानं बोलावतंय. माझा भाऊ म्हणतो, "हिशोब सरळ आहे की. द्या घालवून." हिशोब सरळ आहे, हे मलाही मान्य आहे.

पण गाडी आमच्याकडं कशी आली ते सांगितलं पाहिजे. कारण क्लासिक कार म्हटलं की लोकांना राजेरजवाडे आठवतात. आमच्या भागात तर आठवणारच. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते. ती बघायला मीही लहानपणी पपांच्या खांद्यावर बसून गेले आहे. देखणी गाडी आहे, वादच नाही. पण माझे आजोबा राजे नव्हते, मिस्त्री होते. जुन्या पी.बी. रोडला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्यांनी आयुष्यात एकही नवी गाडी घेतली नाही. दुसऱ्यानं टाकलेली घ्यायची, खोलायची, उभी करायची आणि मग ती 'आपली'.

पहिली होती डुक्कर फियाट. आजच्या मुलांना हे नाव म्हणजे शिवी वाटेल, पण पन्नाशीच्या दशकातल्या त्या गोलमटोल फियाट अकराशेला सगळे असंच म्हणत. पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागरी मागच्या बाजूला. आजोबांनी ती १९६८ला कोल्हापुरातून आणली. निपाणी १९५६ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली होती, म्हणून गाडीच्या पाटीवर 'एमवाय' आलं. पुढं १९७३ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, पण पाटीवरचं 'एमवाय' तसंच राहिलं. आजोबा हसत म्हणायचे, "राज्य तीनदा बदललं, गाडी एकच." सीमाभागातल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

त्या फियाटची मुख्य आठवण आजी सांगते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला जायचं. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, मग आंबोली घाट उतरून सावंतवाडी. आंबोली फार लांबची गोष्ट, गाडी निपाणीच्या वेशीवर तवंदी घाटातच उकळायची. बॉनेटमधून वाफ. आजोबा शांतपणे उतरणार, विडी पेटवणार आणि सांगणार, "गाडी दमल्या. तिला बसू दे की जरा. तुमीबी खाली उतरा." मग सगळे दगडावर बसून दशम्या खायचे. आजीच्या मते त्या दशम्यांसारखी चव घरात कधी आली नाही. (रेडिएटरसाठी घेतलेल्या पाण्याच्या कॅनमधलंच पाणी प्यायचे, हेही ती सांगते. ते ऐकून माझी ममा दरवेळी कानावर हात ठेवते.)

दुसरी ॲम्बेसेडर, १९७९ला घेतलेली. ती मुळात एका तंबाखूच्या वखारवाल्याची. निपाणीत त्या काळी पांढरी ॲम्बेसेडर म्हणजे दोनच माणसं, साहेब नाहीतर व्यापारी. १९८१ला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी महामार्गावर येऊन बसले, तेव्हा आजोबांना त्या पांढऱ्या रंगाची लाज वाटायला लागली असं पपा सांगतात. गॅरेजची निम्मी गिऱ्हाइकं खेड्यातली, ट्रॅक्टरवाली. त्यांनी गाडीला निळा रंग मारला. हाताने, पंपाने, गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत. गाडी पुढं वीसेक वर्षं लग्नांना गेली. चर्चमधली लग्नं, मारवाड्यांची, लिंगायतांची, सगळ्यांची. निळी ॲम्बेसेडर म्हटलं की पत्ता विचारावा लागत नसे.

मारुती ८००बद्दल फार सांगण्यासारखं नाही. पपांनी नोकरी लागल्यावर घेतली, चालवली, विकली. ती कधीच बंद पडली नाही, त्यामुळं तिच्याबद्दल कोणाला काही आठवत नाही.

आणि पद्मिनी. आजोबांनी ती १९९३ला सात वर्षं जुनी घेतली, आणि ही एकच त्यांनी विकली नाही. पद्मिनी म्हणजे तीच फियाट, फक्त नाव चित्तोडच्या राणीचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ला सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढं एकसलग सीट, काचेशेजारी वाऱ्यासाठी छोटी तिकोनी काच. मी गाडी शिकले ती हिच्यावर. स्टिअरिंगच्या दांड्याचा गिअर ज्याला जमला त्याला पुढं कुठलीही गाडी जड जात नाही, असं आजोबांचं मत होतं आणि ते खरं निघालं. ते २०१९ला गेले. शवपेटी नेणाऱ्या गाडीच्या मागं पहिली गाडी पद्मिनीच होती, पपा चालवत होते.

आता मुद्द्यावर येते.

मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ला पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. शेवटची टॅक्सी २००३ला नोंदवलेली, आणि टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. त्या आठवड्यात सगळ्या पेपरांत लेख आले, फोटो आले, सिनेमांची नावं आली. तेव्हा मी अकरावी-बारावीच्या उंबरठ्यावर होते, आणि मला थोडं चमत्कारिक वाटलं. सगळे रडत होते, पण कोणी विचारत नव्हतं की उरलेल्या घरगुती गाड्यांचं काय. गोष्ट संपली की तिच्यावर प्रेम करायचं, चालू असताना तिला अडगळ म्हणायचं, ही आपली जुनी खोड आहे. बोलीभाषांच्या बाबतीतही आपण हेच करतो, पण तो वेगळा लेख होईल.

व्हिंटेजचा नियम वाचला तर कळतं की तो कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केलाय. पन्नास वर्षं पूर्ण हवीत, गाडीत मोठा बदल केलेला नको. नव्या नोंदणीची फी वीस हजार. नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळणार. आणि गाडी रोजच्या वापरात चालणार नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. ज्याच्याकडं चार गाड्या आहेत आणि पाचवी कौतुकाची आहे, त्याला हे परवडतं. आमच्यासारख्या घरात गाडी जपली जाते ती वापरली जाते म्हणून. रविवारी चर्चला, कधी कोल्हापूरला दवाखान्यात, कधी नुसतं अर्जुननगरपर्यंत. हा देवचंद कॉलेजचा रस्ता, म्हणजे दोन-तीन मिनिटांत आम्ही कर्नाटकातून महाराष्ट्रात असतो. काचेआड ठेवून आमची पद्मिनी टिकणार नाही, तिचं सील वाळून जाईल.

बाहेर बघितलं तर चित्र वेगळं आहे. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा, ती तीस वर्षांच्या पुढच्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला ऐतिहासिक मानते. जर्मनीत तिशी ओलांडलेल्या चांगल्या स्थितीतल्या गाडीला नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं, आणि ती गाडी रस्त्यावर चालते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर वाहनकर माफ होतो. आमची पद्मिनी तिथं असती तर तिला मान मिळाला असता. इथं ती दर पाच वर्षांनी गुन्हेगारासारखी उभी.

मला विरोधी बाजू माहीत आहे. वर्गातल्या मैत्रिणीनं तोंडावर सांगितलं, "तुझी आठवण, पण धूर आमच्या नाकात." बरोबर आहे. पद्मिनीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, एअरबॅग नाहीत, मागं पट्टे नाहीत. दिल्लीत हवेचा प्रश्न इतका बिकट झाला की हरित लवादानं २०१५ला पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, आणि २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. दिल्लीत माझं घर असतं तर मीही कदाचित गप्प बसले असते. पण निपाणीत धूर कुणाचा? महामार्गावर रात्रंदिवस ट्रक, खेड्याखेड्यांतून कोंबून माणसं नेणारी वडापची जीप, उसाचे ट्रॅक्टर. आमची गाडी आठवड्यात पंधरा-वीस किलोमीटर धावते. नियमाला वय दिसतं, किलोमीटर दिसत नाहीत. माझी तक्रार एवढीच आहे.

आणि एक गोष्ट फीपेक्षा वाईट आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची सीलं त्यासाठी बनवलेली नाहीत. ती फुगतात, कडक होतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळं उभी राहिलेली गाडी जास्त बिघडते. गंमत अशी की हे इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचं. चुलत्यांचा ऊस कारखान्याला जातो आणि भावाच्या गाडीची नळी फुटते. पपा चिडत नाहीत, नळ्या बदलतात. गेल्या वर्षात दोनदा बदलल्या.

नळ्या मिळतात, बाकीचं मिळत नाही. कंपनीनं पद्मिनी बनवणं बंद करून पंचवीस वर्षं झाली. मग पार्ट येतात कुठून? थोडे मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून, बाकीचे कोल्हापूरच्या उद्यमनगरातून. तिथं लेथवर बसलेला माणूस जुना पार्ट हातात घेतो, अंगठा फिरवतो आणि सांगतो, "दोन दिवसांनी या." नकाशा नाही, कॉम्प्युटर नाही. पॉइंट साफ करणं, टायमिंग कानानं लावणं, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणं, ही सगळी कामं अशा गाड्यांवर जगतात. आमच्या गॅरेजच्या रांगेत असं काम येणारा आता एकच माणूस उरलाय, आणि त्याचा मुलगा पुण्यात मोबाइल विकतो. गाडी भंगारात गेली की लोखंडाचे पैसे येतात. त्या माणसाच्या कानाचे पैसे कुणी देत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. तीस ते पन्नास वर्षांच्या घरगुती गाड्यांसाठी एक वेगळा वर्ग करा. वर्षाला ठराविक किलोमीटरची मर्यादा घाला, मीटर तपासा. धुराची चाचणी कडक ठेवा, आम्ही देऊ. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे दरवर्षी तपासा, तेही देऊ. मात्र फी अशी ठेवा की मिस्त्रीचं घर ती भरू शकेल. दिल्लीसारख्या शहरांना वेगळा नियम हवा असेल तर तो जरूर करा. गाडी शर्यतीत पळवायची कुणाला आहे?

मोटार वाहन नियमांचा मसुदा निघाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात, साधारण तीस दिवस. त्या काळात आपल्यापैकी कुणी काही लिहीत नाही, नंतर आरटीओच्या रांगेत कुरकुर करतो. मी एक पत्र तयार केलंय, मराठीत आणि इंग्रजीत. ज्यांच्या दारात जुनी फियाट, ॲम्बेसेडर, जीप, काहीही उभी असेल त्यांनी मंडळाच्या ईमेलवर कळवा, मसुदा पाठवते. सही तुमची, गाडीची हकीकतही तुमची घाला.

आमच्या गाडीची मुदत सप्टेंबरात संपते. भाऊ अजून 'द्या घालवून'वरच आहे. पपा काही बोलत नाहीत, पण परवा त्यांनी रेडिएटर काढून उद्यमनगरात दिलाय, शनिवारी मिळेल म्हणालेत.