भाड्याच्या खोलीचा कागद

खारीगावात खोली घ्यायची म्हणजे डिपॉझिट, दलाली, आणि अकरा महिन्यांनी पुन्हा बोचके बांधणे. साध्या भाडेकरूला दरमहा भाड्यासाठी सरकारी मदत मिळत नाही. रमाई आवासला जागा स्वतःची लागते. एमएमआरडीएने २००८ साली १६० चौरस फुटांची भाड्याची घरे योजली. त्यांतली पनवेलजवळच्या कोनची घरे २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना गेली. त्यांचा तो हक्कच, पण भाडेकरू होता तिथेच राहिला.

मग हाती उरतो कायदा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. दलाल हे सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. डिपॉझिटचा आकडा करारात लिहून घ्या, भगिनींनो, आणि पैसे चेकने द्या.

गावाकडचा भाचा इथे खोली घेऊन शिकतो, वसतिगृहात जागा मिळाली नाही? त्याच्यासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-ठाण्याकडे वर्षाला ६०,००० रुपये, पैकी २०,००० राहण्याचे. उत्पन्नाची व गुणांची अट आहे. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.