जड पाणी टाकाऊ नव्हे

काळ्या जमिनीच्या मुलखातील विहिरींचे पाणी जड असते, ही गृहिणींची तक्रार जुनी आहे आणि ती खोटीही नाही. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, बंबाच्या आत पांढरा थर साचतो. परंतु हा थर बव्हंशी चुन्याचा असतो, आणि हाडे व दात ज्यावर पोसतात ते कॅल्शियम याच चुन्यात असते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ माणसासाठी दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम ग्राह्य आहे. दुसरा पाणीपुरवठा नसल्यास २०० पर्यंतही चालते. ७५ मिलिग्रॅमचे पाणी दिवसाकाठी तीन लिटर पिणाऱ्यास २२५ मिलिग्रॅम कॅल्शियम विनामूल्य मिळते. शरीर ते दुधातील कॅल्शियमाइतकेच सहज शोषून घेते. ज्या घरचे दूध डेअरीला जाते व मुलांच्या वाट्यास चहापुरतेच उरते, त्या घरी ही प्राप्ती क्षुल्लक नव्हे. कोकणात जांभ्यातले पाणी हलके. तेथे ही उणीव भरून काढण्यास नाचणी आहे.

जड पाण्याने मुतखडा होतो, ही समजूत मात्र तपासून घेतली पाहिजे. अन्नातील ऑक्झलेटला कॅल्शियम आतड्यातच बांधून ठेवते. खडा होण्यास कमी पाणी पिणे अधिक कारणीभूत असते. ज्यांना खडा झालेला आहे, त्यांनी अर्थातच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अलीकडे गावोगावी आरओ यंत्रे बसविली जात आहेत. फ्लोराइड, नायट्रेट किंवा खारेपणा मर्यादेबाहेर असेल तेथे ती हवीतच. पण केवळ पाणी जड आहे म्हणून यंत्र बसविणे हा उधळेपणा होय. हे यंत्र कॅल्शियम जवळजवळ सारे काढून टाकते आणि बरेचसे पाणीही वाया घालविते. डाळीपुरते पाणी उकळून निवळून घेतले, धुण्यासाठी पागोळ्यांचे पाणी साठविले, तरी बरेच भागते. जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर पुरेशी असते व तिने कॅल्शियम घटत नाही. यंत्राची वर्गणी गोळा करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि अहवालातील कॅल्शियम, फ्लोराइड व नायट्रेटचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.