मीटरला किती कळावं?

कळमनुरीतलं एखादं कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलं की दाराला कुलूप लागतं. शेजाऱ्याला ते ठाऊक असतं, आणि तो घरावर लक्षही ठेवतो. स्मार्ट मीटरलाही ते कळतं. पण त्याच्या नोंदी कोण बघतं, हे आपल्याला कळत नाही.

जुन्या मीटरचं रीडिंग महिन्याला एक, वर्षाला १२. दर अर्ध्या तासाला नोंद घेतली, तर १७,५२०. त्यातून तुम्ही कधी उठता, मोटार कधी लावता, घर कधी रिकामं असतं, सगळं वाचता येतं.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये ओरड झाली ती प्रीपेडवर. या नोंदींवर फारसं कुणी बोललं नाही. नेदरलँड्समध्ये २००९ साली वरिष्ठ सभागृहाने खासगीपणाच्याच मुद्द्यावर स्मार्ट मीटरची सक्ती रोखली. आपल्याकडेही २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय.

‘दिवसाच्या वापरावर सवलत द्यायची तर नोंदी लागणारच,’ असं सांगतील. लागतात, पण फक्त बेरजा. त्या मीटर स्वतः करू शकतो. महिन्याला चार-पाच आकडे पाठवले की बिल निघतं. बाकीचं आपल्या संमतीशिवाय घराबाहेर का जावं?

ॲपने लोकेशन मागितलं तर नाकारता ना? मग मीटर बसवायला आलेल्यालाही विचारा, आणि उत्तर लेखी मागा: माहिती कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कुणाला देणार?