ब्रेकचा बोल्ट अंदाजाने आवळू नये

पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजांमध्ये ब्रेकच्या कामांची रांग लागते. पॅड बदलले, डिस्क साफ केली, ब्रेक ऑइल टाकलं, याची नोंद बिलावर होते. कॅलिपरचे बोल्ट किती आवळले याची नोंद मात्र कुठेच नसते. पॅड कोणत्या कंपनीचे आहेत हे गिऱ्हाईक आवर्जून विचारतं, बोल्टबद्दल चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे बोल्ट टॉर्क रेंचने मोजूनच आवळले पाहिजेत आणि तो आकडा जॉबकार्डावर लिहिला गेला पाहिजे.

कारण साध्या हिशेबात दिसतं. बाराशे किलोची मोटार जोरात ब्रेक मारून थांबवताना पुढच्या एकेका कॅलिपरवर साधारण आठशे-नऊशे किलो वजनाइतका जोर येतो. हा जोर पेलतात ते कॅलिपरचा ब्रॅकेट नकलला, म्हणजे चाक ज्या भागावर बसतं त्याला, धरून ठेवणारे दोन बोल्ट. पण बोल्टाची दांडी हा जोर थेट अंगावर घेत नाही. बोल्ट ब्रॅकेटला नकलवर घट्ट दाबून धरतो आणि त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण जोर पेलतं. १२ मिलिमीटरचा बोल्ट १०० न्यूटन-मीटरला आवळला, तर तो सुमारे चार टनांनी दाबतो. दोन बोल्टांचे आठ टन झाले, त्यातून घर्षणाला मिळतात जेमतेम बाराशे किलो. म्हणजे नीट आवळलेल्या जोडातही राखीव ताकद फार नाही. तेच बोल्ट निम्मे आवळले, तर उरतात सहाशे, आणि घाटाच्या उतारावर करकचून ब्रेक लागला की ब्रॅकेट किंचित सरकायला लागतो.

हे किंचित सरकणंच घातक असतं. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं की जोड आडवा सरकू लागला की बोल्ट आपोआप उलटा फिरतो आणि थोड्याच वेळात सुटतो. त्याच्या यंत्रावर त्यानंतर झालेल्या चाचण्यांत स्प्रिंग वॉशरनेही हे थांबलं नाही. त्यामुळे ‘वॉशर टाकलाय, आता सुटणार नाही’ हा भरवसा फोल आहे. थ्रेड लॉकचा थेंब उपयोगी खरा, पण आटे स्वच्छ आणि तेलविरहित असले तरच, आणि तोही नेमक्या टॉर्कच्या जोडीला. त्याच्या जागी नव्हे. काही बोल्टांच्या आट्यांवर कारखान्यातच लॉकचा थर दिलेला असतो. असे बोल्ट एकदा काढले की नवे घालायचे, असं कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

यावर जाणत्या मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असतं: इतकी वर्षं हाताने आवळतोय, हाताला कळतं. त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे, पण हाताला कळतो तो बोल्टाचा विरोध, त्याचा ताण नव्हे. आवळण्याच्या मेहनतीतला जेमतेम दहावा हिस्सा ताण बनतो, बाकीची सगळी डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जाते. आटे गंजलेले असले तर बोल्ट लवकर ‘घट्ट’ वाटतो आणि ताण कमी पडतो. तेलकट असले तर तेवढ्याच जोरात ताण मर्यादेबाहेर जातो. टॉर्क रेंचही घर्षण ओळखत नाही, हे खरं. म्हणूनच आधी आटे ब्रशने साफ करायचे आणि मग मोजायचं. निदान पान्याची लांबी आणि दिवसाअखेरचा थकवा हे दोन अंदाज तरी त्यातून वजा होतात. ‘जास्त आवळलेलं बरं’ हा तोडगाही चालत नाही. पॅड बदलताना निघणारे पिनचे छोटे बोल्ट अनेक गाड्यांत फक्त २५ ते ३५ न्यूटन-मीटरचे असतात. मोटारसायकलच्या फोर्कचा पाय तर ॲल्युमिनियमचा, तिथे जादा जोर लावला की आटे गेलेच. १२५ सीसीवरच्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे डिस्क ब्रेकचं काम आता कोपऱ्यावरच्या छोट्या गॅरेजातही रोज येतं.

राहिला खर्च आणि वेळ. साधा क्लिक होणारा टॉर्क रेंच मोटारीच्या पुढच्या पॅडच्या जोडीच्या किमतीच्या आसपास मिळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. वर्षातून एकदा किंवा पाच हजार वापरांनंतर तो तपासून घ्यायचा. एका चाकाला दोन-चार बोल्ट, म्हणजे कामात पाच मिनिटांची भर. आवळल्यावर बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर रंगाची एक रेघ ओढली, तर पुढच्या सर्व्हिसिंगला बोल्ट फिरला की नाही हे नुसत्या नजरेने कळतं. आयटीआयच्या प्रात्यक्षिकात टॉर्क आणि रेघ यांशिवाय ब्रेकचं काम पूर्ण धरू नये, आणि सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डावर त्यासाठी रकाना ठेवावा. तोवर सुरुवात गिऱ्हाइकानेच करावी. गाडी ताब्यात घेताना विचारावं: या गाडीचा आकडा किती, आणि तुम्ही कितीला आवळलं? उत्तर देता येत नसेल, तर बोल्ट समोर मोजून आवळून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.