मार्चअखेरचं वाटप

फेब्रुवारी सरत आला की अनेक ग्रामपंचायतींना एक खातं आठवतं: दिव्यांग कल्याण, पाच टक्के. स्वउत्पन्नाचा एवढा वाटा दिव्यांगांसाठी खर्च करणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. पूर्वी तो तीन टक्के होता, २०१८ मध्ये पाच झाला. मग याद्या निघतात, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या झेरॉक्स जमा होतात आणि ३१ मार्चच्या आत कुणाला धनादेश, कुणाला एखादी वस्तू मिळते. फोटोही निघतो. त्या फोटोत अंथरुणाला खिळलेला माणूस मात्र नसतो. त्याची सून सही करून वस्तू घेऊन गेलेली असते.

त्या माणसाला खरी गरज असते ती दर काही दिवसांनी दारात येणाऱ्या कुणाची तरी. पाठीची जखम धुणारी, लघवीची नळी बदलणारी, रात्र रात्र जागणाऱ्या सुनेला कूस कशी बदलावी ते शिकवणारी बाई हवी असते. वस्तू एकदा दिली की खर्ची पडते. शुश्रूषेला बारा महिने माणूस लागतं. आणि माणूस नेमायचं म्हटलं की आपल्या पंचायतींची लेखणी अडते.

केरळात ती अडली नाही. कोळिक्कोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वेदनाशमनाचं काम सुरू केलं. ज्याला दवाखान्याची सर्वाधिक गरज, तोच दवाखान्यापर्यंत पोचू शकत नाही, हे त्यांना लवकरच उमगलं. मग मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या लोकांना शिकवून घरोघरी पाठवण्याची पद्धत रुजली. २००८ मध्ये राज्य सरकारने याचं धोरण केलं, देशातलं असं पहिलंच, आणि जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. आज तिथे प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडलेली परिचारिका रुग्णांच्या घरी जाते. तिचं मानधन, गाडी, औषधं यांची तरतूद पंचायत आपल्या आराखड्यात करते. सोबत आशाताई असते, कधी वॉर्डाचा सदस्यही. ज्याने ती जखम डोळ्यांनी पाहिली, तो सदस्य पुढच्या बैठकीत औषधांचा खर्च सहसा कापू देणार नाही.

अर्थात केरळच्या पंचायतींच्या हाती पैसा होता. १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना निधीपैकी ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे गेला. आपल्याकडच्या लहान गावाची घरपट्टी किती आणि त्यातले पाच टक्के किती, हा प्रश्न रास्तच आहे. केरळात सगळं गोडच आहे असंही नाही. स्वयंसेवकांवरचा भार मोठा आहे आणि घरातली शुश्रूषा तिथेही बहुधा बायकांच्याच गळ्यात पडते.

महाराष्ट्राचं दुखणं आणखी एका ठिकाणी आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या २९ विषयांमध्ये समाजकल्याण घातलं, तेही दिव्यांगांच्या उल्लेखासकट. प्रत्यक्षात संजय गांधी निराधार योजनेची फाइल तहसील कचेरीत फिरते. गावातल्या निराधाराला ओळखतो सरपंच, पण त्याचा अर्ज मंजूर करणं सरपंचाच्या हातात नाही. त्यात २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदा आणि महापालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. तक्रार घेऊन जावं असा निवडून दिलेला सदस्यच तिथे उरला नव्हता.

तरी एक वाट मोकळी करता येईल. एका आरोग्य केंद्राखालच्या गावांनी आपले पाच टक्के एकत्र करावेत, कमी पडेल तिथे जिल्हा परिषदेने भर घालावी आणि एक परिचारिका नेमावी. शासनाने एका परिपत्रकाने हे सोपं करावं. हिशेब वाटलेल्या वस्तूंचा न मागता भेटींचा मागावा: कुणाकडे गेली, कधी गेली, पुन्हा कधी जाणार. ही वही मासिक सभेत उघडावी आणि ज्या वॉर्डात महिनाभर कुणीच फिरकलं नसेल, तिथल्या सदस्याने उठून कारण सांगावं.