समुद्राची नांगरणी कोणाच्या खर्चाने?

मराठवाड्यास समुद्र नाही. नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी ट्रॉलरविरोधी मोहिमेत उतरावे असे सुचविले की बैठकीत हसू उमटते आणि कोणी तरी ऐकवितो, ‘आधी सोयाबीनच्या भावाचे बोला.’ हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. ट्रॉलरचे अर्थशास्त्र समजावयास लातूरकरास मुंबईला जाण्याची गरज नाही. शेजाऱ्याने अधिक खोल बोअर मारला आणि आपली विहीर कोरडी पडली, हा अनुभव येथे घरोघरचा आहे. पाणी सर्वांचे, पण ते ज्याच्या यंत्राची पोच अधिक खोल त्याचे झाले. या शर्यतीची अखेर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आलेल्या पाण्याच्या रेल्वेने झाली. समुद्रात हेच चालले आहे. फरक इतकाच की मासळीची रेल्वे कोठून येणार नाही.

ट्रॉल म्हणजे पिशवीसारखे जाळे. दोन जड फळ्यांनी त्याचे तोंड उघडे राहते आणि यांत्रिक नौका ते समुद्राच्या तळावरून तासन् तास फरफटत नेते. हवी असते कोळंबी. परंतु खेकडे, शंखशिंपले, तळावरील वनस्पती, वाढ न झालेली पिले, असे सारेच खोल्यात गोळा होते आणि गाळ ढवळला जाऊन मासळीची उपजत जागाच उद्ध्वस्त होते. नांदेडकरांनी गोदावरीच्या पात्रात वाळूउपशाचे पंप पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगावयास नको.

जाळ्यात आलेल्या बारीक मासळीस किनाऱ्यावर ‘कुटा’ म्हणतात. या कुट्याचे पीठ होते आणि ते कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यात जाते. त्याच खाद्यात लातूरच्या गिरण्यांतील सोयापेंडही जाते! म्हणजे उद्याचे पापलेट आज दळून लातूरच्या शेतकऱ्याच्या मालाशी स्पर्धेस उभे केले जाते. सोयाबीनच्या भावाचे आधी बोला म्हणणाऱ्या साथींनी याचा विचार करावा.

हे यंत्र आकाशातून पडले नाही. १९५३ साली केरळातील नींडकरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला तो गरीब मच्छीमारांच्या उत्थानाची भाषा बोलत. अमेरिका-जपानची कोळंबीची मागणी दिसताच भांडवल त्यात घुसले आणि उत्थान कोणाचे झाले ते जगाने पाहिले. लहान यंत्राचा आग्रह धरणाऱ्या डॉ. लोहियांना ज्यांनी भाबडे ठरविले, त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. गोव्याचे रापणकार मातानी साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लढले, म्हणून १९८० चा गोव्याचा कायदा झाला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्यान्वये किनाऱ्यालगत ठरावीक भागांत ५ ते १० वाव खोलीच्या आत ट्रॉल ओढण्यास बंदी आहे. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने दोन नौकांनी मिळून ओढावयाच्या ट्रॉलवर बंदी घातली. २०२१ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेला. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोनची टेहळणीही आली. कायद्यांचा असा दुष्काळ नाही! परंतु ड्रोन नौका दाखवितो. परवाना रद्द करण्याचे धैर्य काही तो दाखवू शकत नाही. आणि २०२३ साली ज्या सरकारने पापलेटास ‘राज्यमासा’ म्हणून गौरविले, त्याच सरकारच्या बंदरांत त्याची बोटभर पिले टोपल्यांनी उतरतात.

खरी मेख निराळीच आहे. यांत्रिक नौकांच्या डिझेलवरील कराचा परतावा राज्य सरकार देते. जो अधिक डिझेल जाळतो त्यास अधिक परतावा, हा त्यातील न्याय. तळावरून जाळे फरफटण्यास इंधन भरमसाट लागते, म्हणून सर्वाधिक विध्वंसक पद्धतीस सर्वाधिक मदत. आणि वल्ह्याची होडी घेऊन जाणाऱ्यास या खात्यातून शून्य. नांदेडच्या हमालाने काडेपेटीवर दिलेला करही याच तिजोरीत जातो. जागतिक व्यापार संघटनेत आपले प्रतिनिधी लहान मच्छीमारांच्या नावाने गळा काढतात. मासेमारीच्या अनुदानांवरील करार १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला तेव्हा भारत त्याबाहेर होता. श्रीमंत राष्ट्रांचे ढोंग मला ठाऊक आहे. पण लहान मच्छीमाराची ढाल पुढे करून मागे ट्रॉलरमालक उभा करणे, यास साम्राज्यवादविरोध म्हणत नाहीत.

विद्यापीठीय अर्थशास्त्र्यांचे एक लाडके उत्तर असते: जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, म्हणून लूट अटळ आहे. हार्डिनने १९६८ साली हे मांडले आणि आमच्या पिढीने ते वर्गांतून घोकवून घेतले. परंतु नारळी पौर्णिमेपूर्वी होडी न लोटणारा, डोलीचे खुंट कोठे कोणी मारावयाचे हे गावाच्या संमतीने ठरविणारा कोळी समाज बेबंद नव्हता. एलिनॉर ऑस्ट्रॉमबाईंना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते नेमके हेच दाखवून दिल्याबद्दल. डोलीतही बारीक मासळी मरते, हे खरे. पण डोल जागची हलत नाही, ट्रॉल साऱ्या तळावर फिरतो.

एक आक्षेप मात्र मी गंभीर मानतो. ट्रॉलर थांबले तर त्यावरील खलाशांनी काय करावे? रत्नागिरीच्या बंदरात नेपाळमधून आलेली पोरे या नौकांवर राबतात. मालकाचा नफा त्यांच्या वाट्यास येत नाही, आणि बंदीची कुऱ्हाड मात्र प्रथम त्यांच्यावर पडेल. त्यांना वाऱ्यावर सोडणारी कोणतीही पर्यावरणवादी मागणी आपली असू शकत नाही. म्हणून मागणी अशी हवी: ट्रॉलचे परवाने सरकारने टप्प्याटप्प्याने परत घ्यावेत, ट्रॉलचा डिझेल परतावा बंद करून ती रक्कम खलाशांच्या निर्वाहास व लहान होड्यांस द्यावी, आणि बंदी असलेल्या वावांच्या आत दुसऱ्यांदा सापडलेल्या नौकेचा परवाना कायमचा जावा.

यासाठी मराठवाड्यात करण्याजोगे काम आहेच. डिझेल परताव्याची तरतूद विधानसभा मंजूर करते आणि तेथे नांदेड-लातूरचे आमदारही हात वर करतात. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी प्रत्येक तालुका समितीने आपल्या आमदारास लेखी विचारावे: गेल्या पाच वर्षांत या परताव्यापैकी किती रक्कम ट्रॉल नौकांस गेली, आणि त्यांपैकी किती नौकांवर १९८१ च्या कायद्याखाली कारवाई झालेली आहे?