आधी खूर बघा

बैल लंगडायला लागला तर शेतकरी आधी पाय उचलून खूर बघतो. काटा घुसलाय का, खडा अडकलाय का, पत्री निसटलीय का. खूर बघितल्याबगर बैल बाजाराला नेला तर गाव त्याला हसेल. मोटारीच्या बाबतीत मात्र उलटीच रीत पडलीय. इंजिनातून वेगळा आवाज आला, की खूर न बघताच जनावर बाजाराला! ही रीत मला मान्य नाही.

थोरला मुलगा कर्वेनगरला राहतो. त्याच्याकडं आमची १९९८ ची मारुती ८०० आहे. राजाराम पुलावरच्या गर्दीत ती एक दिवस घरघरायला लागली, म्हणून आम्ही बापलेकांनी ती एका गॅरेजात नेली. तिथल्या पोरानं बॉनेट उघडलं, अर्धं मिनिट उभा राहिला आणि म्हणाला, "काका, इंजिनची बेअरिंगं गेली. पूर्ण काम निघंल. त्यापेक्षा मोडीत द्या. एवढ्या जुन्या गाडीत कोण पैसे घालतं?"

मी विचारलं, "आवाज गार इंजिनला जास्त येतो का तापल्यावर? क्लच दाबल्यावर बदलतो का?" पोरगा नुसता बघत राहिला. त्यानं एकदा क्लचसुद्धा दाबून बघितला नव्हता. एखाद्याला दुखणं कळलं नाही तर माझी तक्रार नाही. काही न विचारता फाशीची शिक्षा सुनावली, ह्याचा राग येतो.

आवाज आपला पत्ता सांगत असतो. क्लच दाबल्यावर सुरू झाला तर क्लचचं बेअरिंग बघा. दाबल्यावर थांबला तर संशय गिअरबॉक्सवर. वरच्या अंगानं शिलाई मशीनसारखी बारीक टिकटिक असेल तर टॅपेटची फट वाढलेली असते. गार असताना टिकटिक आणि तापल्यावर कमी, तर इंजिन आणि सायलेन्सरच्या सांध्यातलं गॅस्केट फुटलेलं असू शकतं. चढाला रेस दिल्यावर खडखड होत असेल तर टायमिंग तपासा. खालून जड ठोका येत असेल, आणि गाडी बंद करून एका प्लगची वायर काढून परत चालू केल्यावर तो मऊ पडत असेल, तर दुखणं त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं. ह्या ठोक्याबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी जागच्या जागी बंद करा. तो आवाज खरोखर इंजिन उघडायचा. बाकीच्यांतले बरेचसे इंजिन न उघडताच मिटतात.

आम्ही गाडी दुसऱ्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्तरीकडं नेली. त्यानं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली. १८१६ साली पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून ऐकलं आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. मिस्तरीची विद्या त्याच कुळातली. मग त्यानं पुढचा पट्टा काढला आणि गाडी मिनिटभरच चालू केली, कारण पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. घरघर गायब! पंपाची पुली हातानं फिरवली, ती गुळगुळीत. अल्टरनेटरची फिरवली, तर जात्यात खडा आल्यासारखी खरखर. दोन बेअरिंगं बदलली आणि गाडी घरी आली.

ह्यात चमत्कार काही नाही. आमच्याकडं विहिरीवर ऑइल इंजिन असायचं. रात्री पंपानं पाणी सोडलं की इंजिन हलकं पळायला लागायचं, आणि अंथरुणातला माणूस त्या आवाजानं उठून कंदील घेऊन विहिरीवर जायचा. असली इंजिनं १९४६ पासून पुण्याच्याच खडकीत किर्लोस्करांनी बनवली. १९६२ साली कर्वेनगरच्या शेजारी, कोथरूडला, किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. खुद्द कर्वेनगरात १९९१ पासून मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, महर्षी कर्व्यांच्या संस्थेचं. अशा जागी इंजिन ऐकायची कला मरावी, हे मला बघवत नाही.

कुणी म्हणेल, आता स्कॅनर आलाय. येऊ द्या. पण कार्बोरेटरच्या गाडीला तो जोडायचा कुठं? आणि नव्या गाडीतही सेन्सरला जे कळतं तेवढंच तो सांगणार. कोरडं पडलेलं बेअरिंग त्याच्या कानावर जाईलच असं नाही.

कुणी म्हणेल, जुन्या गाड्या धूर सोडतात. ज्या सोडतात आणि दुरुस्त होत नाहीत, त्या जरूर मोडा. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुढं चालू ठेवायची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. पण गाडी तपासणीत पास झाली की नोंदणी मिळते. सरकारसुद्धा आधी तपासतं, मग निकाल देतं. मग गॅरेजवाल्याला कसली घाई?

शहरातल्या माणसाला मोडीत देणं परवडतं; महिन्याच्या हप्त्यावर दुसरी गाडी दारात येते. पुण्यात नालायक ठरलेली गाडी आमच्या तालुक्यात मध्यरात्री कुणाच्या तरी लेकीला बाळंतपणाला घेऊन धावत असते. तिच्या मालकाला हप्ते झेपत नाहीत. खोट्या निदानानं त्याची गाडी जाते, आणि त्याच्या वस्तीवरची रात्रीची एकुलती एक सोयही जाते.

म्हणून सांगतो, मंडळी, गॅरेजात गेलात तर गप्प उभं राहू नका. आवाज कधी येतो, कधी थांबतो, कशानं बदलतो, हे स्वतः टिपून न्या आणि मिस्तरीला ऐकायला लावा. ऐकून न घेता निकाल देणाऱ्याच्या हातात पाना देऊ नका, आणि पैसे तर मुळीच देऊ नका.